टाकी धुतल्याच्या नोंदी

विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या पाण्याच्या कारखान्यात उत्कर्षा गेली तेव्हा तिला काम अगदीच सोपं वाटलं. ती मूळची सांगलीची. जयपुरात निलय देवस्थळींच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती. कारखान्यातून पिण्याच्या पाण्याचे मोठे जार शाळांना, दुकानांना, ऑफिसांना जायचे. इकडे त्यांना कॅम्पर म्हणतात. निलयच्या ऑफिसातही इथलेच कॅम्पर येत.

मॅनेजर माथुरजींच्या जुनाट कॉम्प्युटरवर अ‍ॅक्सेस नावाच्या प्रोग्राममधला डेटाबेस होता. त्यात एक टेबल: तारीख, टाकी धुतली का, पाण्याच्या तपासणीचा आकडा, तपासणाऱ्याचं नाव. रकाने होते, नोंद एकही नव्हती.

"रिपोर्ट नीट छापला जातो का ते बघायचंय," माथुरजी हिंदीत म्हणाले. "गेल्या वर्षभराच्या नोंदी घालून दाखवा."

चाचणीसाठी असला लुटुपुटीचा डेटा तिने शंभरदा भरला होता. हाताने भरत बसण्यापेक्षा तिने कोड लिहिला. टेबल उघडायचं, नवी नोंद सुरू करायची, एकेका रकान्यात माहिती घालायची, नोंद जतन करायची, तारीख एक दिवस पुढे न्यायची, पुन्हा तेच. तिने बटण दाबलं आणि रिकामं टेबल भराभर भरत गेलं. पहिल्याच फटक्यात कोड चालला म्हणून ती स्वतःवर खूशही झाली.

माथुरजी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. तोंडात पानमसाला होता. "बढ़िया. पण रोज एकच आकडा कसा येईल? थोडा ऊपर-नीचे कीजिए."

तिने आकडे थोडे खालीवर केले.

"रविवारी कारखाना बंद असतो. संडे हटाइए."

तिने रविवार वगळले.

"आणि होळी, दिवाळी. त्या दिवशी टाकी कोण धुणार?"

उत्कर्षाचा हात कीबोर्डवर थांबला. नुसता रिपोर्ट बघायचा तर त्याला होळी-दिवाळी कशाला लागते? तिने मान वळवून विचारलं, "सर, खऱ्या तपासणीचे कागद कुठे आहेत?"

माथुरजी लहान मुलाकडे बघून हसावं तसे हसले. "खरं-खोटं काय असतं, मॅडम? परवा तपासणीवाले येतायत. त्यांना रेकॉर्ड पाहिजे, आपण रेकॉर्ड देऊ."

"आणि टाकी?"

"टाकी छत पर है. वो कहाँ जाएगी?"

ती उठली आणि लोखंडी जिन्याने गच्चीवर गेली. टाकीचं झाकण अर्धवट सरकलेलं होतं. तिने ते बाजूला केलं आणि आतून आलेल्या वासानेच मागे सरली. कडेला हिरवट-काळा बुळबुळीत थर साचला होता. पाण्यावर पिसं तरंगत होती आणि कोपऱ्यात कबुतर, की कबुतराचं जे काही उरलं होतं ते, फुगून पडलं होतं. टाकीतून निघालेला पाइप सरळ खाली, जार भरायच्या खोलीत जात होता.

हेच पाणी ती गेले कित्येक महिने पीत होती. ती कठड्याशी गेली आणि भडाभडा ओकली. मग तोंड पुसून परत टाकीपाशी आली आणि फोटो काढले.

खाली प्रिंटर चालू होता. माथुरजी पानं गोळा करत होते. प्रत्येक पानावर ओळीने लिहिलेलं: टाकी धुतली, टाकी धुतली, टाकी धुतली. तिने लिहिलेले शब्द. ती खुर्चीत बसली, सगळ्या नोंदी निवडल्या आणि पुसून टाकल्या. माथुरजींच्या हातातली पानं ओढून तिने टराटरा फाडली.

"दिमाग खराब है क्या?" ते ओरडले. ती पर्स उचलून चालती झाली.

ऑफिसात निलयने फोटो बघितले. नाक मुरडलं, आणि मोबाइल पालथा ठेवला. "शी! पण अगं, टाकी आपण बांधलीय का? आपण सॉफ्टवेअरवाले. क्लायंट सांगेल ते भरायचं."

"सर, हे पाणी शाळेत जातंय."

"मग तू काय सगळ्या जयपूरची आई आहेस का?" तो चिडून म्हणाला. "जा घरी. पडून राहा जरा."

ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा निलय नुकताच कारखान्यातून परतला होता. तिने नोंदी पुसल्या होत्या, पण तिचा कोड माथुरजींच्या कॉम्प्युटरवर तसाच होता. तो स्वतः चालवून नोंदी पुन्हा भरून दिल्याचं निलयनेच तिला सांगितलं. आणि कोपऱ्यात दुसऱ्याच कंपनीचा कॅम्पर उभा होता.

"पाणी बदललंय," तो हळू आवाजात म्हणाला. "आपल्यापुरता तरी प्रश्न मिटला ना."

तो हे बोलताना ओशाळलाही नाही. टाकीत बघताना आली नव्हती इतकी किळस उत्कर्षाला त्याच्या त्या समजूतदार चेहऱ्याची आली. तिथेच उभ्या उभ्या तिने राजीनामा टाइप करून पाठवला.

मग ती रिक्षाने अन्नसुरक्षा विभागाच्या ऑफिसात गेली. टेबलापलीकडच्या बाईंनी फोटो मोठे करून बघितले. "हे कुणी दिले?"

"मीच काढलेत. त्या पाण्याच्या कारखान्याच्या रेकॉर्डमधल्या वर्षभराच्या नोंदी खोट्या आहेत."

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्या घालणारा प्रोग्राम मी लिहिलाय," उत्कर्षा म्हणाली. "कसा चालतो ते लिहून दाखवते."

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. ठरलेल्या तपासणीची वाट न बघता त्याच दुपारी पथक गेलं, कागदांकडे न बघता आधी गच्चीवर चढलं, आणि कारखान्याला सील लागलं. जबाबावर सही करून उत्कर्षा बाहेर आली. आता नवी नोकरी शोधायची होती, घरी आईला सांगायचं होतं. घशात तो वास अजून होताच. पण चालताना पाय हलके पडत होते.