चिमटीतले शंभर सूर

शिंपीमामांचं तोंड वाकडं झालं तेव्हा नववर्षाच्या सणाला सात आठवडे उरले होते. सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळालं. आरशात पाहिलं, तर अर्धा चेहरा संपावर गेलेला. डॉक्टर म्हणाले, "नस सुजली आहे. बरं होईल, पण घाई चालणार नाही."

सणाच्या दिवशी ज्यूंच्या प्रार्थनाघरात, सिनेगॉगमध्ये, शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग फुंकतात. एकतीस वर्षं ते काम मामांचं होतं. लांब, तुटक, हुंदक्यांसारखे असे एकूण शंभर सूर. ते ऐकल्याशिवाय तिथे कुणालाच नवं वर्ष लागल्यासारखं वाटत नसे.

सिनेगॉगचे प्रमुख घरी आले. चहा झाल्यावर चाचरत म्हणाले, "दुसऱ्या गावाहून कुणाला बोलावू का? मनाला लावून घेऊ नका."

"तोंड वाकडं झालंय, मी वाकडं केलेलं नाही," मामा म्हणाले. निम्मे शब्द ओठांतून निसटले. "सणाला आठ दिवस असताना मीच सांगेन. तोवर थांबा."

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून ते सरावाला बसत. पहिले काही दिवस नुसती हवा निघाली. मग एखादा सूर, तोही फाटका. तिसऱ्या आठवड्यात अकरा झाले आणि गाल थरथरायला लागला. मामांनी शिंग कापडाच्या ताग्यावर आपटलं. काज करत बसलेल्या मामी उठल्या. त्यांनी मामांच्या ओठाचा डावा कोपरा दोन बोटांच्या चिमटीत घट्ट धरला.

"आता फुंका."

सूर असा निघाला की समोरच्या चष्मेवाल्याने दारात येऊन पाहिलं.

"पण त्या दिवशी मी वर, बायकांच्या सज्जात असणार," मामी म्हणाल्या. "आणि शिंग लांबलचक, तुमचे दोन्ही हात त्यालाच लागणार."

मग बेकरीवाल्याला बोलावलं. सणाआधीच्या महिन्यात रोज सकाळी फुंकायचे थोडे सूर मामांऐवजी तोच कसेबसे काढत होता, पण शंभर त्याच्या आवाक्याबाहेरचे. मामींनी त्याला शिकवलं. "कणीक नाही ती, नवरा आहे माझा! हळू धर."

आठ दिवस उरले तेव्हा मामांनी प्रमुखांना निरोप धाडला: कुणालाही बोलावू नका.

सणाच्या दिवशी सगळे पांढऱ्या कपड्यांत उभे होते. मामांनी शिंग उचललं आणि शेजारच्या धिप्पाड बेकरीवाल्याने त्यांचा ओठ चिमटीत पकडला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. पहिला सूर घुमला आणि हसू विरलं.

सत्तरपर्यंत नीट गेलं. पुढे मामांचा सदरा घामाने चिंब झाला. नव्व्याण्णवही झाले. शेवटचा, सगळ्यांत लांब सूर मात्र मध्येच चिरकून तुटला. प्रमुखांनी मान खाली घातली. बेकरीवाला पुटपुटला, "मी घेऊ?"

मामांनी मानेनेच नाही म्हटलं. ओठ पुसले, जरा थांबून छातीभर श्वास घेतला. बेकरीवाल्याने पुन्हा चिमूट धरली. या वेळी सूर निघाला तो निघालाच. मामांचा चेहरा लालबुंद झाला, तरी तो थांबेना. वर मामी कठडा धरून उभ्या होत्या. सूर संपल्यावर त्या मटकन खाली बसल्या.

बाहेर पायऱ्यांवर बेकरीवाला बोटं चोळत म्हणाला, "मामा, सण दोन दिवसांचा. उद्या पुन्हा शंभर."

"उद्या पहिले वीस तू फुंकायचेस," मामा म्हणाले. "जेवून ये घरी, शिकवतो."

"आणि माझा ओठ कोण धरणार?"

"तुझं तोंड सरळ आहे. ते बंद ठेव आणि चल."