गुड फ्रायडेला तपासलेलं औषध

डोंगरातल्या अयाकुचो गावाच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. खोक्यांवर औषधविक्या बेलिसारियो उभा. गळ्यात स्टेथोस्कोप, हातात काचेच्या चौकटीतला छापील कागद.

"हे मी नाही म्हणत, आया-बहिणींनो! विज्ञान म्हणतंय! आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आलंय! निवडुंगाचे सात थेंब, की साखर गायब! इन्सुलिनच्या सुया? फेका उकिरड्यावर!"

बायका चौकटीला हात लावून छातीवर क्रूसाची खूण करत होत्या.

पुढेच एर्मेलिंदा होती. चार दिवस तिनं सुई घेतली नव्हती. बाटलीभर पाणी पिऊनही जीभ टाळूला चिकटत होती, तरी म्हणे, "गुण येतोय."

मागे तिची धाकटी बहीण नेलिदा, शाळेत जीवशास्त्र शिकवणारी; टाचा उंचावून चौकटीतला कागद वाचत होती.

परीक्षकाचा शेरा, पहिला. (नेलिदाच्या मनातला. छापण्याआधी लेख तपासणारा दुसरा परीक्षक आसपास दिसत नव्हता.) रोगी किती होते? लिहिलेलं नाही. ज्यांना थेंब दिले नाहीत, त्यांचं काय झालं? लिहिलेलं नाही. लेखक कोण? बेलिसारियो. थेंब विकतो कोण?

"ताई, घरी चल. सुई घे."

"त्याचं छापून आलंय! तुझं काय छापलंय गं आजवर?"

लोक फिदीफिदी हसले. नेलिदाचे कान तापले. ती पुढे घुसली.

"जरा बघू."

"बघा की, मास्तरीणबाई! काचेला बोटं नका लावू."

तिनं तळाची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली. "लेख मिळाला, यंदा दोन एप्रिल. अयाकुचो विद्यापीठाचे प्राध्यापक अब्सालोन कोरी यांनी प्रयोगशाळेत थेंब पडताळले. स्वीकारला, चार एप्रिल." ती थांबली. "तीन तारखेला काय होतं हो?"

"गुड फ्रायडे," पाववाली सातुर्निना म्हणाली.

शेरा, दुसरा. त्या दिवसांत या गावात प्रयोगशाळा उघडायची तर कुलूपवालासुद्धा मिरवणुकीतून ओढून आणावा लागेल.

"अब्सालोन?" सातुर्निना ओरडली. "अहो, शुक्रवारी तो माझ्या नवऱ्याशेजारी मिरवणुकीतल्या पालखीखाली होता! खांदा सोलला मेल्याचा. शनिवारी पालथा पडलेला, मीच चरबी चोळली!"

"प्राध्यापक झोपूनही काम करतात, बाई," बेलिसारियो म्हणाला.

"मग विचारू त्यालाच." सातुर्निनानं फोन लावून आवाज मोठा केला नि कागदाचं विचारलं.

"मी तपासलं?" पलीकडून अब्सालोन खेकसला. "त्या नियतकालिकवाल्यांची मला पत्रं येतात. पैसे भरा, दोन दिवसांत छापतो! मी उत्तरही देत नाही. माझं नाव चोरलंय!"

बेलिसारियो खोक्यांवरून उतरू लागला. खाली कुणी हात दिला नाही.

"म्हणजे कागद खरा, तपासणी खोटी," नेलिदा म्हणाली. "छापलं म्हणून खरं होत नाही. कुणी तपासलं, कसं तपासलं, ते विचारा. त्या माणसाला गाठून विचारा. मी काही सांगितलं तर मलाही हेच विचारा."

एर्मेलिंदा जागची हलली नव्हती.

"ताई?"

"नेलिदा, कुठेयस गं? मला कालपासून तोंडं नीट दिसत नाहीत," ती हळूच म्हणाली. "लाज वाटली सांगायला."

दवाखाना चौकापलीकडे होता. नेलिदानं तिचा दंड घट्ट धरला. गर्दीनं वाट करून दिली.