जानेवारीची तारीख

घामाने चिठ्ठी मऊ पडली होती. वहीच्या कोपऱ्यातून फाडलेला, चार घड्या घातलेला एवढासा कागद – सकाळपासून तो अश्विनीच्या मुठीत होता, आणि कोर्टातल्या शेवटच्या बाकावर बसल्यावर तर तिला वाटायला लागलं की आता शाई तळहातावर उमटणार. 'समोरच्यांनी मुदत मागितली तर विरोध करू नकोस. पहिलाच दिवस आहे.' एवढंच लिहिलं होतं. द्यावी की नाही? ठरलं तर असं होतं की आज काही द्यायचं नाही, बोलायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. अडीच वर्षं आपल्या टेबलाशी बसून काम शिकलेली आरती आज स्वतःच्या वकीलपत्रावर एकटी उभी राहणार... आणि माझंच काळीज असं धडधडतंय की शेजारच्या पक्षकाराला ऐकू जावं! तीस वर्षं झाली बाई तुला काळा कोट घालून – तिने स्वतःला दटावलं, पण खरं सांगायचं तर तिला भारी मजा येत होती.

आरतीच्या आधी चौघांना तिने असंच तयार केलं होतं. अट एकच, जिथे वकील म्हणून कुणी बसत नाही तिथे जाऊन बसायचं. दोघे नगरला सरकले, एक पुण्यात कंपनीत गेला, ज्ञानेश्वर तेवढा पारनेरच्या बाजूला टिकला. आणि ही आरती – हिला कोर्टासमोर चांगली खोली बघून दिली, तर ही बया ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक जिथे भरतात, त्या बाजारतळावर पत्र्याच्या गाळ्यात टेबल मांडून मोकळी! टेबल माझंच, जुनं, एका पायाखाली पुठ्ठा लागणारं. परवा तिथे उभ्याने पेढा खाताना अश्विनीने विचारलं होतं, "इथे कोण येणार गं तुझ्याकडे?"

"येतील की मॅडम. जातात तर इथूनच."

तेव्हा ते उत्तर तिला नुसतं चुरचुरीत वाटलं होतं.

पुढच्या बाकावरून बायडाबाई मागे वळली. नवरा गेल्यावर दिराने सातबाऱ्यावर तिचं नाव लागू दिलं नव्हतं. दोन एकर, त्यात एक विहीर. आरतीचा हा पहिला दावा, अश्विनीच्या टेबलाशी असतानाच दाखल केलेला, आणि बायडाबाईचा शेवटचा आधार.

"म्याडम, तुमी न्हाई का हुभ्या राहनार?" ती कुजबुजली.

"आज तुमची वकील आरती आहे, बायडाबाई."

"ती व्हय... अवो, तिला तर म्या उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीपुढं रांगताना बघितलंय." हसली, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळतच राहिली.

शिपायाने पुकारा केला आणि अश्विनी चक्क उठून उभी राहिली. सवय! अर्धवट उठली, बाकाची कड धरली, खाली बसली. कुणी पाहिलं नाही. समोरच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे मुदतीचा अर्ज पुढे केला – तयारी नाही, उलटतपासाला पुढची तारीख मिळावी. साहेबांनी डायरी चाळली. "जानेवारीत घेऊ. बारा तारीख?"

म्हण आरती, ठीक आहे सर. म्हण आणि बस. साहेबांना पहिल्या दिवशी नाराज करू नये, हे मी तुला...

"नाही सर," आरती म्हणाली. "मुदतीला माझी हरकत आहे. शपथपत्र केव्हाच दाखल आहे, साक्षीदार, म्हणजे माझी अशील, हजर आहे. रविवारी तिची टोळी निघते. जानेवारीत ती फडात असेल सर, दोनशे किलोमीटरवर. मुकादम सोडणार नाही. तारीख दिली आणि ती आली नाही, तर दावा तिच्या गैरहजेरीत जाईल. उलटतपास आजच व्हावा."

समोरच्या वकिलांनी मान वर केली.

दोनशे किलोमीटर... माझी अशील गोजरबाई तर ऊसतोडीला श्रीरामपूरकडे होती, तेवढीही लांब नाही. सत्तावीस वर्षं झाली. मीच घेतली होती तारीख, जानेवारीचीच, ठीक आहे सर म्हणून. ती येऊ शकली नाही, दावा फेटाळला गेला. शिमग्याला गोजरबाई परत आली, दारात चप्पल काढून उभी राहिली, आणि मी तिला – हो, मीच – म्हणाले, "तारखेला यायला नको का?" ती चप्पल घालून गेली. आणि मी इतकी वर्षं नव्या पोरांना सांगत आले की अशिलांना तारखेची किंमत नसते... मी कॅलेंडर बघितलं होतं, ऊस बघितला नव्हता. लाज वाटली तिला, कान तापेपर्यंत लाज वाटली. आणि त्याच वेळी, कसं कोण जाणे, आनंदाने उठून ओरडावंसं वाटलं. हे मी शिकवलेलं नाही! हे पोरीने कोपीतून आणलं आहे.

साहेबांनी चष्मा काढला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग बायडाबाईकडे. "कुठल्या रविवारी?"

"ह्याच, साहेब," बायडाबाईच बोलून गेली.

साहेब पुन्हा डायरीत वाकले. समोरचे वकील कागद उलटेपालटे करू लागले. काय होईल? नाही म्हणतील? म्हणू शकतात... आरतीने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

अश्विनीने चिठ्ठी उलगडली. शाई फुटली होती, पण मागची बाजू कोरी होती. गुडघ्यावर ठेवून तिने लिहिलं – 'गोजरबाई', गाव, साल. एवढ्या जुन्या दाव्याचं काही करता येतं का, निदान तिला गाठता येतं का, हे आरतीला विचारायचं होतं. ती बाजारतळावर बसते, तिला माहीत असेल. सगळ्या अशिलांच्या मागे, गाळ्याबाहेर रांगेत उभं राहून विचारू, असं तिच्या मनात आलं, आणि ती घाईने गावाचं नाव पुन्हा एकदा, नीट वाचता येईल असं लिहू लागली.