पुढून घातलेल्या वेण्या

कंगव्याची शेपटी स्टीलची होती, थंड, आणि ती डेल्फीनच्या कपाळावर केसांच्या कडेला टेकवून ब्रिन थांबली होती... आता रेघ ओढायची, फक्त एक रेघ, इथून टाळूपर्यंत सरळ. ती रेघ कुठून कुठे जाईल हे नुसतं डोळ्यांनी मापण्यात मिनिट गेलं.

"काय बाई, मेंदूचं ऑपरेशन आहे की काय?" स्वयंपाकघराच्या ओट्याशी भेंडी चिरणारी मार्वा ओरडली. "किती वेळ नुसता कंगवा टेकवून बसलीयस!"

"बसू दे गं तिला," डेल्फीन म्हणाली. ती खाली उशीवर, ब्रिनच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसली होती. डेल्फीन शेवटच्या वर्षाची, आणि कॉलेजातल्या काळ्या मुलामुलींसाठी असलेल्या या घराची प्रमुख. "सोमवारी मेडिकलची मुलाखत आहे माझी. तिथल्या म्हाताऱ्यांना माझ्या केसांवरून बोलायला जागा नको. सावकाश कर, ब्रिन."

सावकाश. म्हणजे सहा तास. ब्रिननं रेघ ओढली. सरळ आली... बरीचशी सरळ. तिनं केसांच्या तीन पेडांत गंगावन मिसळलं आणि विणायला घेतलं.

खरं तर सगळं या घरात जागा मिळावी म्हणून भरलेल्या त्या अर्जानं केलं होतं. 'तुम्ही या घराला काय द्याल?' असा रकाना होता, आणि त्यात 'मी भांडी घासेन' असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. मार्वानं रविवारचं जेवण लिहिलं होतं, कुणी पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित शिकवायचं लिहिलं होतं. ब्रिननं लिहिलं, मी वेण्या घालते, आजीनं शिकवलं. तिथं तरी थांबायचं! पण नाही, आजीचं गावही घातलं, मिसिसिपीतलं, नकाशात बघून. खरी आजी नेब्रास्कात, स्वीडिश आडनावाची, दालचिनीचे पाव करणारी. ब्रिनच्या डोक्यावरून हात फिरवून ती एकदाच म्हणाली होती, लोकरीसारखे आहेत गं, आणि हात काढून घेतला होता. ब्रिन आठ महिन्यांची असताना त्यांच्या घरी दत्तक आली. त्या गावात तिच्या रंगाचं दुसरं माणूस नव्हतं. वेण्या ती शिकली होती गेल्या उन्हाळ्यात, व्हिडिओ बघून, प्लास्टिकच्या एका डोक्यावर. ते डोकं अजून तिच्या पलंगाखाली पिशवीत होतं.

पण खोटं बोलल्याशिवाय कुठं राहिले असते मी? वर्गात दोनशे मुलं बसतात आणि माझ्या शेजारची खुर्ची सगळ्यात शेवटी भरते. इथं, या बत्तीस जणांच्या घरात, मी शिरले तर कुणी वळून बघत नाही. मार्वा न बघताच म्हणते, ए, त्या पातेल्यावर झाकण ठेव. त्या झाकणासाठी मी आणखी दहा वेळा खोटं बोलले असते. आणि जानेवारीत जुनी मुलं बसून ठरवतात, नव्यांपैकी कोण राहणार. ती यादी डेल्फीनकडे असते. त्याच डेल्फीनचं डोकं आता माझ्या मांड्यांमध्ये आहे.

चौथी वेणी झाली तेव्हा मार्वाची सुरी थांबली.

"ए... ही पुढून करतेय."

"काय पुढून?" डेल्फीन म्हणाली.

"वेण्या! कपाळापासून सुरू केल्यात हिनं. मानेपासून नाही." मार्वा हसतच होती, पण जवळ येऊन बघायला लागली. "माझ्या मावशीनं हे बघितलं असतं ना, तर कंगवा हिसकावून घेतला असता. मागून सुरू करतात गं राणी, सगळं जग मागून करतं."

ब्रिननं आपण घातलेल्या वेण्यांकडे पाहिलं. व्हिडिओत मागूनच होतं. प्लास्टिकच्या डोक्यावरही ती मागूनच करायची. पण आज खरं, ऊबदार डोकं हातात आल्यावर हात आपसूक पुढे गेले होते आणि तिला पत्ताही नव्हता. झालं. पकडले गेले. आता डेल्फीन उठेल, अर्धं डोकं विणलेलं घेऊन उठेल...

"असेल तिच्या आजीची पद्धत," डेल्फीन शांतपणे म्हणाली. "मिसिसिपीत करत असतील."

हे चिडवण्यापेक्षा वाईट होतं. डेल्फीनचं तोंड दिसत नव्हतं, दिसत होती नुसती तिची मान. ती खरंच विश्वास ठेवतेय की आपल्याला निसटायला वाट देतेय, हे मानेवरून कसं कळणार? मार्वा ओट्याकडे परत गेली. ब्रिन विणत राहिली, पाचवी, सहावी, आणि बोटं आपली आपणच चालत होती...

...न्हाणीघरातला पिवळा दिवा. बेसिनवर वेण्या कशा घालायच्या याचं, ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक, पान मिटू नये म्हणून कपड्यांचे चिमटे लावलेलं. आईची बोटं लाल झालेली, आणि मी रडतेय, भोकाड पसरून. 'ब्रिनी, आरशात बघ, बघ, एक झाली!' आणि खरंच एक झालेली दिसायची, कपाळावर, आणि मी गप्प व्हायचे. म्हणून पुढून. दुसरं कुठलं कारण नव्हतं. मागच्या बाजूला पोचेपर्यंत दोघी दमायचो, तिथं सगळा गोंधळ व्हायचा, आणि शाळेत मागच्या बाकावरच्या मुलांना तोच दिसायचा. चौदाव्या वर्षी मी तिला म्हटलं, माझ्या केसांना पुन्हा हात लावू नकोस. हात तसाच वर राहिला तिचा, क्लिप धरलेला.

डेल्फीननं हात वर करून पुढच्या वेण्या एकेक चाचपल्या. ब्रिननं आपले हात बाजूला घेतले.

"दुखत नाहीयेत," डेल्फीन म्हणाली. "माझी आई ओढायची तेव्हा डोळ्यांतून पाणी यायचं. कुणी शिकवलं गं तुला?"

उत्तर तयार होतं. आजीनं. तीन अक्षरं, अर्जात पक्की केलेली.

"आईनं," ब्रिन म्हणाली.

शब्द सुटून गेल्यावर तिला ऐकू आला. आता तो मागे घेता येणार नव्हता, आणि गंमत म्हणजे घ्यावासाही वाटेना. "मी फार रडायचे. आरशात दिसावं म्हणून ती पुढून सुरू करायची."

मार्वाची सुरी पुन्हा थांबली. डेल्फीननं हात खाली घेतला. अर्जातल्या आजीबद्दल तिनं विचारलं नाही.

"हुशार बाई आहे," ती म्हणाली. "उद्या बोलव की तिला जेवायला. रविवारी सगळ्यांच्या आया येतात."

"बोलव, बोलव," मार्वा म्हणाली. "मी नाहीतरी पलटणीला पुरेल एवढं रांधते. मावशीला सांगते, तुझ्या तोडीची आलीय म्हणून."

तुझ्या तोडीची. ब्रिन हसल्यासारखं करून पुढचा भांग काढायला लागली. आई गोरी आहे, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. डेल्फीन कदाचित 'मग?' म्हणेल आणि मान सरळ करून बसेल. कदाचित तसं म्हणणार नाही. या महिन्यात आईनं दोनदा विचारलं होतं, तुझं घर बघायला येऊ का, आणि दोन्ही वेळा ब्रिननं परीक्षा सांगितली होती, या लोकांना ती चालणार नाही असं मनाशी ठरवून. हे लोक तर तिला जेवायला बोलवून मोकळे झाले.

तिला आई दारात दिसली. पावांचा ट्रे दोन्ही हातांत धरलेली, गरजेपेक्षा जास्त हसणारी, खोलीतल्या बत्तीस चेहऱ्यांमधून एकच चेहरा शोधणारी. सगळे वळून दाराकडे बघतायत. आणि आपण या खुर्चीत बसलोय, हातात कुणाचे तरी केस... आपण उठून तिच्याकडे जाऊ का? ब्रिननं स्वतःला विचारलं, आणि खरं उत्तर यावं म्हणून वाट पाहिली. सकाळपासूनची ती भीती, पकडले जाण्याची, कुठे नाहीशी झाली ते कळलंच नाही. ही निराळी होती, आपल्याच मनाची, आणि तिच्यात या घराचा काही दोष नव्हता.

"काय गं, थांबलीस का?" डेल्फीन म्हणाली.

"नाही," ब्रिन म्हणाली, पण हात थांबलेलेच होते.