तीस टेबले की हिरवळ?

दहा माणसे माझ्याभोवती बसली, की कोणाचीच पाठ कोणाला दिसत नाही. मित्रांनो, इतका मी गोल आहे आणि इतका मोठा. आणि आता जुनाही झालो आहे, मी लग्नाच्या मेजवानीचे टेबल!

इपोह शहरात मोक नावाच्या सुताराने मला जाड सागवानातून घडवले. माझी कड त्याने इतकी घासली, की लहान मुले धावत येऊन आदळली तरी त्यांना खरचटत नसे. मला उचलायला चार माणसे लागतात, म्हणून कोणी उचलतच नाही. पाय सुटे करून कडेवर उभे करतात आणि चाकासारखे गडगडत नेतात. असेच गडगडत मी चोंग कुटुंबाच्या खानावळीत आलो, तिथल्या मोठ्या दालनात.

काय दिवस होते ते! लाल कापड अंगावर पडले, की मला नवऱ्यामुलासारखे वाटे. मधोमध फिरती तबकडी, तिच्यावर भाजलेले डुक्कर, कोंबडी, वाफवलेला पापलेट. एकेका संध्याकाळी नऊ नऊ पदार्थ माझ्यावरून फिरत. पाहुणे तासभर उशिरा येत, घसा ताणून बोलत आणि जाताना म्हणत, "चोंग वस्तादांच्या हाताला तोड नाही!"

चोंग वायलाम हे या खानावळीचे मालक आणि मुख्य आचारी. सगळे त्यांना वस्ताद म्हणत.

पुढे हलकी, पाय मिटणारी टेबले आली आणि मला स्वयंपाकघरामागे पाठवले गेले. माझ्यावर कोबीच्या टोपल्या बसल्या. कोणी सुरा चालवला, कोणी गरम कढई टेकवली. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण तिथे एक सुख होते. दुपारी तीन वाजता गिऱ्हाईक ओसरले, की आचारी, वाढपी आणि घरची माणसे माझ्याभोवती जेवायला बसत. वस्ताद तेवढे बसत नसत. हातात वाडगा धरून, दाराला टेकून, उभ्यानेच चार घास खात. कढईकडे त्यांचा एक कान सदैव असे.

त्यांची एकुलती मुलगी युकफान. ती क्वालालंपूरमध्ये जमीन मोजणीचे काम करते. एका रविवारी ती टेरेन्स नावाच्या तरुणाला घेऊन आली. दोघांचे लग्न ठरले होते. वस्तादांनी लगेच खिशातून लाल कागद काढून माझ्यावर पसरला.

"तीस टेबलं," ते म्हणाले. "नऊ पदार्थ. यादी तयार आहे."

युकफानने पिशवीतून एक रंगीत पत्रक काढले आणि त्या लाल कागदाच्या शेजारी ठेवले. त्यावर एका हॉटेलची हिरवळ होती. पांढरे तंबू, पांढरी फुले, हातात पेले घेऊन उभे असलेले पाहुणे.

"बाबा, आम्हांला असं करायचंय. ऐंशी माणसं. संध्याकाळचं ऊन, थोडं संगीत."

"आणि खुर्च्या?"

"थोड्या असतील. लोक फिरत फिरत खातात."

"उभ्या उभ्या खायचं? लग्न आहे की बस चुकतेय?" वस्तादांनी पत्रकावर बोट ठेवले. "हे काय? काडीला टोचलेली कोळंबी. एक! एका माणसाला एक कोळंबी वाढली तर माझे वाडवडील स्वर्गातून खाली उतरतील."

"उतरू देत. त्यांनाही काडी देऊ," युकफान म्हणाली.

टेरेन्सला हसू आले. वस्तादांनी त्याच्याकडे पाहिले. "तुला काय हवंय, जावईबापू?"

"मला दोन्हीकडे जेवायला मिळालं तरी चालेल," तो म्हणाला.

पण वस्ताद हसले नाहीत. चाळीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींची लग्ने शिजवली होती. हळू आवाजात ते म्हणाले, "तुला माझ्या धंद्याची लाज वाटते, युकफान. तेलाचा वास येतो ना माझ्या अंगाला?"

युकफानचे डोळे भरून आले. ती तशीच उठली आणि निघून गेली.

मित्रांनो, त्यानंतरचे तीन आठवडे फार जड गेले. बापलेक एकमेकांशी बोलेनात. युकफानची आई, लायहा, दोघांचे निरोप पोचवून दमली. "तिला सांग", "त्यांना सांग", यापलीकडे घरात वाक्यच उरले नाही. मला सगळे ऐकू येत होते आणि बोलता काहीच येत नव्हते.

मग हॉटेलने सोमवारपर्यंत उत्तर मागितले. आदल्या दिवशी युकफान आणि टेरेन्स पुन्हा आले. दुपारचे तीन वाजले होते. माझ्याभोवती सगळे बसले होते. वस्ताद दारापाशी उभे होते.

"करा लग्न हिरवळीवर," ते एकदम म्हणाले. "मी येईन. पांढरा शर्ट आणलाय. पाहिजे तर काडीवरची कोळंबीपण खाईन." मग त्यांनी विचारले, "एकच मागणं आहे. पापलेट तेवढा मी करून आणतो. हॉटेलवाल्यांना विचार, मला मागची एक चूल देतील का?"

"नाही!" युकफान इतक्या जोरात ओरडली, की माझ्यावरचे वाडगे हलले. "एक मासासुद्धा नाही! एकसुद्धा नाही!"

सगळ्यांचे हात थांबले.

"मी महिन्याची झाले, तेव्हा रिवाजाप्रमाणे लाल अंडी वाटून मेजवानी दिलीत. त्या फोटोत तुम्ही कुठे आहात?" ती म्हणाली. "आजीच्या साठीला कुठे होतात? मी पदवी घेतली, सगळी गल्ली जेवायला बोलावलीत, तेव्हा? आत होतात. प्रत्येक वेळी आत! प्रत्येक फोटोत आईच्या शेजारी एक रिकामी खुर्ची आहे, बाबा. मला तुमच्या मेजवानीचा राग नाही. मला त्या खुर्चीचा राग आहे. हिरवळीवर तुमची चूल नाही, म्हणून मला हिरवळ हवी होती. निदान माझ्या लग्नात तरी तुम्ही माझ्या शेजारी दिसाल."

वस्तादांनी हातातला वाडगा खाली ठेवला. लायहा बाहीने डोळे पुसू लागली.

वस्ताद म्हणाले, "पण मी बाहेर बसलो तर शिजवणार कोण?"

उत्तर दिले ते कम मावशीने. ही खानावळीची सर्वांत जुनी वाढपीण. वस्तादांच्या वडिलांच्या काळापासूनची, म्हणून तिच्या जिभेला लगाम नाही.

"आचारी म्हणून जगात तू एकटाच जन्माला आलास का रे, वायलाम?" ती म्हणाली. "तुझ्या हाताखालचे सात जण आज ठिकठिकाणी खानावळी चालवतात. बोलव त्यांना."

"ते? त्यांना मासा वाफवता येत नाही."

"मग इतकी वर्षं शिकवलंस काय? कांदे सोलायला?"

आधी टेरेन्स हसला, मग लायहा, मग सगळेच. वस्ताद लाल झाले. मग त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. मित्रांनो, इतक्या वर्षांत प्रथमच त्यांचे कोपर माझ्यावर टेकले.

"बरं," ते म्हणाले. "यादी माझी, हात त्यांचे."

"आणि स्वयंपाकघराचा उंबरा तुम्ही ओलांडायचा नाही," युकफान म्हणाली. "आणि पाहुण्यांमधून मला हात धरून तुम्ही न्यायचं. हिरवळीवर नेलं असतंत तसंच."

"चालेल, तेवढं पाश्चात्त्य मला जमेल," वस्ताद म्हणाले.

हॉटेलला नकार गेला. आणि युकफानने आणखी एक हुकूम सोडला. मुख्य टेबल म्हणून तिला मीच हवा होतो. माझ्यावरच्या टोपल्या उतरल्या. मला घासले, पुसले, डाग पडलेल्या जागी तेल चोळले आणि गडगडत पुन्हा दालनात नेले. नवे लाल कापड अंगावर पडले, तेव्हा मला काय वाटले ते सांगता येत नाही.

लग्नाच्या दिवशी सातही जण हजर झाले. कोणी तैपिंगहून, कोणी जोहोरहून. त्यांत एकच बाई होती, सियूलान. एके काळी "बाईच्या मनगटाला कढई पेलत नाही" असे म्हणून वस्तादांनी तिला दोन वर्षे भाजी निवडायला बसवले होते. आज पापलेटाची जबाबदारी तिने मागून घेतली होती.

संध्याकाळी तीस टेबले भरली. उशिराच भरली, पण भरली! वस्ताद मुलीचा हात धरून आत आले आणि तीनशे माणसे टाळ्या वाजवत उभी राहिली. ते येऊन माझ्यापाशी बसले खरे, पण माझ्याखाली त्यांचे गुडघे सारखे उडत होते. "तेल जास्त तापलंय," ते पुटपुटत. "सूप अजून का येत नाही?" एकदा ते अर्धे उठलेसुद्धा. लायहाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवले.

मग पापलेट आला. वाफ निघत होती, वर आल्याचे काप आणि कांद्याची पात. स्वयंपाकघराच्या दारात सातही आचारी येऊन उभे राहिले. पाहुण्यांनाही कळले असावे, कारण आसपासच्या टेबलांवरचा कलकलाट थांबला. वस्तादांनी जेवणाच्या काड्यांनी माशाच्या गालाजवळचा मऊ तुकडा उचलला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. काड्या खाली ठेवल्या आणि उठून ताडताड स्वयंपाकघराकडे चालू लागले.

युकफानचा चेहरा उतरला. "बाबा, उंबरा!"

वस्ताद उंबऱ्याच्या अलीकडे थांबले. समोर सियूलान उभी होती, घामाने डबडबलेली.

"हा मी केला असता," ते मोठ्याने म्हणाले, "तरी याहून बरा झाला नसता. मनगटाचं मी चुकीचं बोललो होतो."

सियूलानने ओठ घट्ट मिटले, पण हसू मावेना. वस्तादांनी तिचा हात धरला, बाकी सहा जणांना खूण केली आणि सगळ्यांना दालनाच्या मधोमध आणले. भांडी घासणाऱ्या बायकाही ओल्या हातांनी बाहेर आल्या. वस्तादांनी पेला उंच धरला.

"ही आरोळी नेहमी नवरानवरीसाठी देतात. त्यांच्यासाठी मग देऊ. आधी आत उभं राहून शिजवणाऱ्यांसाठी! यम..."

आमच्याकडे पेला रिकामा करण्याआधीची ही आरोळी श्वास पुरेल तोवर ताणायची असते. तीनशे माणसांनी ती ताणली. युकफानने पांढऱ्या झग्यात खुर्चीवर चढून ताणली. कम मावशीचा श्वास सर्वांत लांब निघाला. आणि शेवटी "सेंग!" असा जो गजर झाला, त्याने माझ्यावरची तबकडी आपोआप थोडी फिरली. मी अनेक लग्ने पाहिली, पण असा विजय पाहिला नाही. कोणीच हरले नव्हते!

मित्रांनो, लाकडाला तेलपाणी लागते. तेवढे कराल तर आम्ही टेबले तुमच्या नातवंडांनाही पुरतो. पण माझे मागणे स्वतःसाठी नाही. तुमच्या घरी टेबल असो, पाट असो, नाहीतर जमिनीवरचे साधे ताट असो. पहिला घास घेण्याआधी एकदा चुलीकडे बघा. तिथे कोणी उभे असेल, तर त्याला हाक मारा आणि जरासे सरकून घ्या. मी इतकी वर्षे माणसे सामावून घेतली आहेत, माझा अनुभव सांगतो: सरकले, की आणखी एकाची जागा नक्की होते.