गिअरबॉक्समध्ये पडलेली दहा नंबरची गोटी

मित्रांनो, गोटी म्हटलं की तुम्ही लगेच अंगणात रिंगण आखायला धावाल. जरा थांबा. टिचकी मारून खेळायची काचेची गोटी मी नव्हे. मी पान्याची गोटी आहे. बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखी बसते, मागून दांडा लावला की फिरते आणि बोल्ट सोडवते. माझ्या अंगावर दहाचा आकडा कोरलेला आहे, तोही आता अर्धा झिजला. वयाने मी जुनी आणि बोलायला जरा तिखट. पण आज सांगणार आहे ते एका बोटीच्या गिअरबॉक्समध्ये, तेलात बुडून, मी स्वतः भोगलेलं आहे.

माझा जन्म भट्टीतला. पोलादाच्या कांबीचा तुकडा तापवला, साच्यात ठोकला, वर चकचकीत मुलामा चढवला, झाले मी तयार. एका बोटदुरुस्तीच्या मिस्त्रीने आम्हा एकोणीस बहिणींना एकदम घरी आणलं. त्याने आमच्यासाठी लाकडाची पेटी केली आणि पटाशीने कोरून प्रत्येकीला तिच्या मापाचा खड्डा दिला. त्याचे दोन नियम होते. काम संपलं की खड्डे मोजायचे, आणि एकही रिकामा दिसला तर इंजिन चालू करायचं नाही. दुसरा नियम असा, की उघड्या यंत्रावर वाकताना शर्टाच्या खिशात काहीही ठेवायचं नाही. त्याची लेक हाताशी आली तेव्हा पाना देण्याआधी त्याने तिला हे दोन नियम दिले. ती ते कधी विसरली नाही.

सगळ्यात जास्त राबले ती मी. छोटे बोल्ट सगळे दहाचेच असतात ना. मिस्त्री न बघता पेटीत हात घालायचा आणि नेमकी मलाच उचलायचा. मोठ्या बहिणी नाक मुरडायच्या. मुरडू देत. मी मिस्त्रीची लाडकी होते, हे काही खोटं नव्हतं.

पण राबणाऱ्याचं अंग झिजतंच. माझ्या आतले कोपरे गोल झाले. एकदा मी बोल्टवरून सटकले आणि मिस्त्रीची बोटं सोलवटली. दुसऱ्याच दिवशी लेकीने नवी दहा नंबर आणली आणि माझ्या खड्ड्यात बसवली.

“बाबा, जुनी आता भंगारात टाका,” ती म्हणाली.

“टाकतो,” मिस्त्री म्हणाला. तिची पाठ वळली आणि त्याने मला शर्टाच्या वरच्या खिशात टाकलं.

त्या दिवसापासून मी खिशात राहू लागले. इंजिन चालू झालं की गिअर टाकण्याआधी तो खिशावरून हात फिरवायचा, मी आहे ना बघायचा आणि मग मान हलवायचा. काम शून्य आणि मान मोठा. मी चांगलीच शेफारले. नव्या दहा नंबरला मी मनातल्या मनात काय काय बोलले, ते तुम्हांला न सांगितलेलं बरं.

आता त्या दिवसाचं ऐका. आमच्या धक्क्यावरून पलीकडच्या काठाला माणसं नेणारी एकच बोट. ती तिची मालकीण स्वतःच चालवते, सगळे त्या मालकिणीला काकी म्हणतात. क्लचच्या प्लेटा गेल्या म्हणून बोट आठ दिवस काठावर ओढून ठेवलेली होती आणि पलीकडची माणसं इकडे अडकली होती. दुपारी चारची फेरी करायचीच, असं काकीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

सकाळी प्लेटा बसल्या. लेक तेलाचा डबा आणायला वर गेली. मिस्त्री टॉर्च घेऊन उघड्या गिअरबॉक्सवर वाकला, शेवटचं एकदा बघावं म्हणून. खिशात मी होते. स्वतःचा नियम तो स्वतःच विसरला होता. तो आणखी खाली वाकला आणि मी घसरले. एका दातेरी चाकावर आपटले, तिथून दुसऱ्यावर, आणि थेट तळाला. टुक्, एवढाच आवाज झाला. चाळीस वर्षं इंजिनांशेजारी घालवलेल्या त्या कानांना तो ऐकू गेला नाही. कान कमी झाले आहेत हे त्याने घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

वर दोन तळहातांएवढा उजेड होता. मग झाकण आलं आणि तोही गेला. झाकणाचे सहा बोल्ट, सहाही दहा नंबरचे. नवी दहा नंबर एकेक करून ते आवळत होती आणि मी आतून मोजत होते. सहावा आवळला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

बाहेर मोजणी सुरू झाली. “आठ?” “आहे.” “नऊ?” “आहे.” “दहा?” “आहे.” असं करत लेक म्हणाली, “एकोणीसच्या एकोणीस. पुऱ्या.”

पुऱ्याच होत्या. माझा खड्डा भरलेला होता. मोजणीत मी नव्हतेच, मग हरवणार कशी?

वरून तेल ओतलं गेलं. आधी पायाशी आलं, मग कमरेशी, मग मी सबंध बुडाले. काळोख असा की माझीच कड मला दिसेना. एका बाजूला बिडाची भिंत, दुसऱ्या बाजूला खालच्या चाकाचे दात, मध्ये मी. हलायला जागा नाही, हाक मारायला तोंड असून उपयोग नाही. बोट पाण्यात सोडली, तेव्हा सगळं तिरकं झालं आणि मी दातांकडे थोडी सरकले. मला रडू आलं असतं, पण तेलात रडून कुणाला कळणार?

भीती माझी एकटीची नव्हती, मित्रांनो. मध्यावर पाण्याला ओढ आहे आणि ओढीच्या तोंडाशी खडक आहेत. तिथे मी दातांत सापडले तर चाक तुटणार, बोटीला ढकलणारा पाण्यातला पंखा थांबणार आणि बोट खडकांवर जाणार. डोक्यावर पावलं वाजत होती. चाळीसेक माणसं तरी चढली असतील. एक बाळ कुरकुरत होतं, त्याची आई त्याला सांगत होती, आता घरी जायचं हं. ते ऐकून माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं.

मग इंजिन चालू झालं. गिअर अजून टाकला नव्हता, तरी वरची चाकं गरगरू लागली आणि तेल घुसळून निघालं. त्या घुसळणीत मी सरकले. अजून थोडी सरकले. आता खालचं चाक माझ्यापासून बोटभर राहिलं. ते स्थिर होतं, पण काकीचा हात गिअरच्या दांड्यावर होता.

आणि मिस्त्रीने सवयीने खिशावरून हात फिरवला.

पुढचं मला दिसलं नाही, ते लेकीच्या तोंडून नंतर कळलं. खिसा रिकामा होता. त्याने पायांशी पाहिलं, फळ्यांच्या फटीत पाहिलं. गोटी रस्त्यात कुठे पडली असेल, पाण्यात पडली असेल, असं म्हणून गप्प बसता आलं असतं. मोजणी पुरी होती. त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नसतं.

“काकी, गिअर टाकू नका,” तो म्हणाला. “इंजिन बंद करा.”

इंजिन थांबलं. वरून कुणीतरी म्हणालं, “झालं, आता हे काय नवीन?”

“बाबा, मोजणी झाली आहे,” लेक म्हणाली.

“मोजणीत नसलेली एक होती. जुनी दहा. माझ्या खिशात.”

“वरच्या खिशात? वाकताना?”

“हो.”

लेकीने पेटी पुन्हा उघडली. काकीने विचारलं, “पण आतच पडली कशावरून? पडताना आवाज आला असता की.”

“आला असेल,” मिस्त्री म्हणाला. “मला ऐकू येत नाही हल्ली. आत आहे की नाही ते माहीत नाही, म्हणूनच उघडायचं.”

एवढ्या माणसांसमोर हे बोलणं किती जड गेलं असेल. आत मला ते शब्द स्पष्ट ऐकू आले आणि नियम मोडून मला इथे पाडल्याचा त्याच्यावरचा सगळा राग मी तिथेच सोडला.

सहा बोल्ट निघाले, उजेड आला. तळाचं बूच काढून तेल बादलीत उतरवलं. त्या भोकातून मी मावणारी नव्हते. मग तारेला बांधलेलं चुंबक खाली आलं. पण चुंबकाला काय, लोखंड दिसलं की मिठी. ते चाकाला चिकटलं, सोडवलं तर भिंतीला चिकटलं, माझ्यापर्यंत पोचेचना. मिस्त्रीने तार पुन्हा वर ओढली.

“द्या इकडे,” लेक म्हणाली. तिने पाण्याच्या प्लास्टिक नळीचा हातभर तुकडा कापला, चुंबक आतून ओवलं आणि फक्त टोक बाहेर ठेवलं. आता कडेने काही चिकटेना. “तुम्ही टॉर्च धरा. आणि चाक अजिबात हलू देऊ नका.”

पहिल्यांदा तिने मला कडेला पकडलं. मी अर्ध्यात निसटले आणि पुन्हा तळाला गेले, आधीपेक्षा अडचणीच्या कोपऱ्यात. लेकीने कपाळ बाहीला पुसलं आणि नळी पुन्हा आत सोडली. या वेळी चुंबक माझ्या बरोबर डोक्यावर बसलं. चाकं एकेक करून खाली गेली आणि मी उजेडात आले.

काकीने वर जाऊन सांगितलं, “दीड तास उशीर होईल. ज्यांना उतरायचंय त्यांनी उतरावं.” कुणी उतरलं नाही. बाळाच्या आईने येऊन मला हातात घेऊन बघितलं आणि परत दिलं.

लेक त्या दिवशी बापाला रागाने एक शब्दही बोलली नाही. घरी गेल्यावर तिने सुईदोरा घेतला आणि त्याच्या तिन्ही शर्टांचे वरचे खिसे शिवून बंद केले. तो शेजारी बसून पेटीत विसावा खड्डा कोरत होता.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया जरूर करा. पण ती लपवून करू नका, तिला चारचौघांत जागा द्या. आणि हातून काही पडलं असेल, तर झाकण लागण्याआधी सांगून टाका. झाकण लागलं असेल, तरीही सांगा.

मी आता बोल्ट सोडवत नाही. पण मोजणीत असते. लेक एक एक नंबर पुकारते आणि विसाव्याला आवाज चढवते, बापाला ऐकू जावं म्हणून. तो वाकून मला बोट लावतो, खात्री करतो आणि मग म्हणतो, “आहे. लाव किल्ली.”