आरशाखालची पाटी

राजधानी एका दिवसात दाखवायची म्हणजे सगळी पळापळच. सकाळी राजवाडा, मग घड्याळाचा मनोरा, जेवणाआधी संग्रहालय आणि उन्हं कलली की नदीकाठची बाग. गाईड हा फेरा चौदा वर्षं मारत होता. त्याच्या जिभेला हाड नव्हतं, म्हणून बरोबरीचे गाईड त्याला पोपट म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे.

त्याची हुकमी जागा म्हणजे संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावरचा राणीचा आरसा. पुरुषभर उंच, चांदीच्या चौकटीचा, मधोमध आडवा तडा गेलेला. राजा लढाईत पडल्याची बातमी आली, राणीने हातातलं कंकण आरशावर भिरकावलं आणि पुढे जन्मभर आरशात तोंड पाहिलं नाही, असं तो सांगे. बायका डोळे पुसत, पुरुष उगाच खाकरत. ही गोष्ट त्याने पहिल्याच वर्षी स्वतः रचली होती, कारण खरं कारण अगदीच पुचाट होतं. आरसा संग्रहालयात आणताना हमालांच्या हातून खोकं निसटलं होतं. आरशाखालच्या पितळी पाटीवर तसं चार ओळींत कोरलेलंही होतं. म्हणून गाईड नेहमी त्या पाटीला पाठ लावूनच उभा राही.

त्या दिवशीच्या चोवीस प्रवाशांत त्याची मावशी होती. आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं. गावच्या शाळेत अक्षरओळखीपासून इतिहासापर्यंत सगळं तो तिच्याच हाताखाली शिकला. एकतीस वर्षं तिने मुलांना राजधानी फळ्यावर काढून दाखवली, पण स्वतः कधी पाहिली नव्हती. आता पाहायला आली, तर डोळे अधू झालेले. माणसं दिसत, अक्षर लागत नसे. तरी जाड पेनाने, बोटभर उंचीच्या अक्षरांत, वहीत सगळं टिपून घेत होती.

"हा माझा भाचा हं," राजवाड्यात ती भेटेल त्याला सांगत होती. "मीच शिकवलंय याला." गाईडच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं.

आरशापाशी आल्यावर मात्र त्याच्या मनात आलं, आज गोष्ट नको. आज नुसतं पुढे जाऊ. तेवढ्यात घोळक्यातली एक बाई म्हणाली, "अहो, ती राणीची गोष्ट सांगा ना! माझी नणंद इथे ढसाढसा रडली होती म्हणे." मग काय, पोपट बोलू लागला. कंकण भिरकावलं गेलं, रुमाल निघाले.

मावशीने वर्गात करावा तसा हात वर केला.

"थांब रे जरा. मी तर मुलांना शिकवत आले, की आरसा आणताना फुटला. एका जुन्या पुस्तकात होतं तसं. इथे खाली पाटी असेल ना? वाच बघू काय लिहिलंय."

चोवीस तोंडं त्याच्याकडे वळली. खरं वाचावं तर त्या नणंदेच्या भावजयीपुढे अब्रू जाणार. गाईड वळला, वाकला, अंगाने पाटी झाकली आणि लहानपणी मावशीने शिकवलं होतं तसं ओळीखाली बोट फिरवत मोठ्याने म्हणाला, "पतिनिधनाच्या शोकात राणीने फेकलेल्या कंकणामुळे या आरशास तडा गेला." पाटीची भाषासुद्धा बिनचूक जमली. बोलताना त्याचे कान तापले होते.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरची पहारेकरीण त्याच्याकडे बघतच राहिली. ही गोष्ट तिने हजारदा ऐकली होती, पण कुणाला ती पाटीवरून वाचून दाखवताना आजच पाहत होती.

"म्हणजे एकतीस वर्षं मी पोरांना चुकीचं शिकवलं," मावशी सगळ्यांदेखत म्हणाली. कुणीतरी हसून म्हणालं, "चालायचंच हो, बाई." पण मावशीला ते चालण्यासारखं नव्हतं. ती बाकावर बसली आणि वही उघडून लिहू लागली. "गावी गेल्यावर आधी शाळेत जाते. हेडमास्तरीण माझीच विद्यार्थिनी आहे. वर्गावर्गात उभी राहून सांगते, की माझं चुकलं."

घोळका चहाला खाली गेला. गाईड मावशीपाशीच थांबला. धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं त्याला. या बाईने आयुष्यात खडूचा तुकडासुद्धा शाळेतून घरी आणला नव्हता, आणि आता ती त्याच्या खोट्यापायी पोरांपुढे मान खाली घालणार होती.

"मावशी," तो म्हणाला, "तुझंच बरोबर होतं."

"म्हणजे?"

चौदा वर्षांत पहिल्यांदाच तो पाटीच्या बाजूला उभा राहिला आणि त्याने चारही ओळी जशाच्या तशा वाचल्या.

मावशी उठली. तिने पाटीवरून बोटं फिरवली. कडेची अक्षरं हाताला लागत होती, मधली झिजून जेमतेम वाचण्यापुरती उरली होती.

"इथे काय झालंय?"

"माझा कोट घासून घासून..."

मावशीने पाटीवरून हात काढला. मग म्हणाली, "लोकांना गोष्ट सांगितलीस, ते कळतं मला. पोटासाठी माणूस बोलतो काहीबाही. पण मी तुला गोष्ट विचारली नव्हती रे. वाचायला सांगितलं होतं."

"चुकलो, मावशी."

"हो," ती म्हणाली. तिने वहीतलं पान फाडलं, नीट चौकोनी घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. यापेक्षा दोन छड्या परवडल्या असत्या.

शेजारी काचेच्या पेटीत एक लहानशी दौत होती. गाईड लगबगीने पुढे झाला. "ये मावशी, ही राणीची दौत. पाटीवर लिहिलंय..."

मावशीने नुसता हात वर केला. मग ती कोपऱ्याकडे वळली.

"अहो बाई, जरा येता का? मला अक्षर दिसत नाही. एवढं वाचून दाखवाल?"

पहारेकरीण उठून आली. गाईडकडे न बघता तिने एकेक शब्द लावत सावकाश वाचायला सुरुवात केली. मावशी लिहून घेऊ लागली.